काकांची गोर्म

काका कुठलीही वस्तू उभ्याने बघत नसत. नवीन मॉडेल टेबलावर आलं की चष्मा नाकावर चढवायचा, गुडघे वाकवायचे, डावा गाल टेबलाच्या फळीवर टेकवायचा आणि एक डोळा मिटून त्या वस्तूकडे पाहत राहायचं. दोन-तीन मिनिटं तरी. नवख्या माणसाला वाटे, यांना चक्कर आली. आमच्याकडे लागलेला एक केरळी इंजिनिअर पहिल्याच दिवशी धावत जाऊन पाणी घेऊन आला होता. काकांनी ते सावकाश प्यायलं, "थँक्यू" म्हटलं आणि पुन्हा गाल टेकवला.

"वरून सगळंच चांगलं दिसतं," ते मला म्हणाले, "खालून बघावं."

मी दुबईत, अल कूझमधल्या एका मॉडेल बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. मॉडेलं इमारतींची. या शहरात इमारत उभी राहण्याआधी तिचं मॉडेल उभं राहतं, आणि कधी कधी तेवढंच उभं राहतं. कोऑर्डिनेटर म्हणजे क्लायंटचं म्हणणं कारागिरांना आणि कारागिरांचं म्हणणं क्लायंटला अशा बेताने पोचवणारा माणूस, की दोघांचाही दिवस खराब होऊ नये. हे काम मी चौदा वर्षं करतो आहे आणि मला त्याबद्दल दोनदा सर्टिफिकेट मिळालं आहे.

काका आमच्या वर्कशॉपचे मुख्य. पाकिस्तानी आणि बंगाली कारागीर त्यांना उस्ताद म्हणत, आम्ही चार मराठी माणसं काका म्हणायचो. मूळचे जयगडच्या खाडीकडचे. वडील-आजोबा गलबतं आणि मचवे बांधणारे. काका तरुणपणी इथे आले ते क्रीकवरच्या लाकडी बोटी दुरुस्त करायला. ते काम आटलं तेव्हा लाकूड सोडून अ‍ॅक्रिलिकला लागले. राहायला मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात. त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईकराला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं, पण काका म्हणत, "नाव वाईट नाही. एसी चांगला आहे."

हात इमारतींवर चालत असले तरी डोकं खाडीतच होतं. कुठलंही ड्रॉइंग समोर ठेवा, पहिला प्रश्न ठरलेला.

"पाणी कुठवर?"

"काका, साठ मजली टॉवर आहे. वाळवंटात."

"असू दे. पाणी कुठवर?"

आम्ही हसायचो. मग एका एप्रिलमध्ये असा पाऊस झाला की बेसमेंटमधल्या गाड्या तरंगल्या आणि आमच्या दोन क्लायंटना आपल्याच इमारतीत होडीने जावं लागलं. काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

अशा माणसाच्या हाती आयुष्यात एकदा तरी बोट यायला हवी होती. ती आली, पण कशी आली तेही सांगण्यासारखं आहे.

रास अल खैमाच्या किनाऱ्यावर एक डेव्हलपर डेन्मार्कच्या धर्तीवर वसाहत बांधणार होता. रंगीत घरं, सायकलींचे रस्ते, बाहेर पंचेचाळीस डिग्री. सेल्स गॅलरीच्या लॉबीत एक डॅनिश जहाज ठेवायचं ठरलं. मार्केटिंगच्या मॅडमच्या मनात होतं ते जुन्या दर्यावर्दी लोकांचं, ड्रॅगनच्या तोंडाचं, शिडाचं जहाज. पण त्यांच्या कुणा ज्युनिअरने इंटरनेटवरून 'डॅनिश शिप' म्हणून जो फोटो उचलला, तो 'गोर्म' नावाच्या युद्धनौकेचा. एकोणिसाव्या शतकातली, लोखंडी चिलखत घातलेली, किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेली. फोटो पीडीएफमध्ये गेला, पीडीएफ सात टेबलांवर फिरली आणि सात जणांनी न बघता सही केली. एका सहीची चूक ही चूक असते. सात सह्या झाल्या की तिला व्हिजन म्हणतात.

मी तो फोटो काकांपुढे ठेवला तेव्हा मला वाटलं होतं, ते हसतील. जहाज म्हणून ती काही देखणी नव्हतीच. डेक पाण्याच्या इतकं जवळ की लाट आली तर थेट वरून जावी. मधे एक चिमणी, पुढे दोन तोफांचा एक फिरता गोल बुरूज. बाकी सगळं सपाट. जणू कुणीतरी जहाज बुडवायला घेतलं आणि मधेच चहाला गेलं.

काकांनी फोटोच्या कडेला गाल टेकवला. एक डोळा मिटून पाहत राहिले.

"हिचं पाणी कुठवर ते दिसतंय," ते शेवटी म्हणाले. "कुणी बांधली हो ही?"

"डेन्मार्कच्या लोकांनी. कोपनहेगनच्या उथळ समुद्रात पहारा करायला."

"लढली?"

मी फोनवर शोधलं. "तसं नाही दिसत. उभी राहिली, पहारा केला, म्हातारी झाली, भंगारात गेली."

"मग चांगली नोकरी केली," काका म्हणाले आणि ड्रॉइंग कुठे मिळेल ते विचारलं.

ड्रॉइंग आमच्याकडे नव्हतं. क्लायंटला त्याची गरज वाटत नव्हती. आमचे जीएम म्हणाले, "फोटोवरून करा ना, कोण मोजायला येणार आहे?" जीएम मूळचे ठाण्याचे. काम असलं की मराठीत बोलत आणि काम झालं की इंग्रजीत. तेव्हा ते मराठीत बोलत होते. पण काका अडून बसले. मग मीच कोपनहेगनच्या एका संग्रहालयाला ईमेल लिहिला. आठवड्याने तिथल्या एका निवृत्त गृहस्थांचं उत्तर आलं. ते तिथे हौसेने काम करत होते आणि दुबईतल्या कुणाला तरी गोर्ममध्ये रस आहे हे वाचून त्यांना बहुधा झोप लागली नसावी. सोबत सहा मोठ्या नकाशांचे स्कॅन.

सगळं डॅनिशमध्ये. मी म्हटलं, "काका, भाषांतर करून घेऊ का?"

"कशाला? शब्द त्यांचे आहेत, रेषा कळतात मला."

पुढचे तीन महिने त्या म्हाताऱ्याची आणि काकांची मैत्री माझ्या टाइपिंगमधून चालली. काका दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत आणि सांगत, "लिहा. बुरजाच्या खालची कड गोल की चौरस?" मी लिहायचो. तिकडून उत्तर यायचं, दोन पानी. एकदा त्या गृहस्थांनी विचारलं, दुबईत थंडी कशी आहे. काकांनी बराच विचार करून सांगितलं, "लिहा, आतमध्ये खूप आहे."

गोर्म तयार झाली. पन्नासास एक या मापाने, साधारण एका लहान मुलाच्या पलंगाएवढी लांब. पण काका खूश नव्हते. आतमध्ये निरम घातलं नव्हतं. निरम म्हणजे बोट पाण्यात सरळ बसावी म्हणून तळाशी ठेवायचं वजन.

"काका, ही काचेच्या पेटीत राहणार आहे. जन्मात पाणी बघणार नाही."

"तिला माहीत आहे का ते?"

वर्कशॉपमध्ये एवढी मोठी टाकी नव्हती. शेवटी मीच तोंड उघडलं आणि फसलो. मी राहतो त्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या इमारतींच्या क्लस्टरला स्विमिंग पूल आहे. शनिवारी सकाळी सातला काका, दोन कारागीर आणि चादरीत गुंडाळलेली युद्धनौका असे सगळे कंपनीच्या पिकअपमधून माझ्या दारात आले. बायको दार उघडून म्हणाली, "अहो, हे काय? कुणी गेलं की काय?"

पूलच्या कडेला नियमांचा फलक होता. बॉल नको, काचेच्या वस्तू नकोत, खाणं नको, पाळीव प्राणी नकोत. युद्धनौकेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तरी नेपाळी गार्ड आडवा आला.

"सर, पूल में टॉय अलाउड नहीं है."

काकांचा चेहरा पडला. "टॉय?" ते मला म्हणाले. "याला सांगा, हिच्यावर दोन तोफा आहेत."

मी ते सांगितलं नाही. मी सांगितलं की ही म्युनिसिपालिटीची टेस्टिंग आहे. गार्ड लगेच बाजूला झाला. कोऑर्डिनेशन म्हणतात ते हेच.

काका लुंगी खोचून पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरले. बोट पाण्यावर ठेवली. ती आधी उंच तरंगली, एका बाजूला कलली. मग देरा भागातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या शिशाच्या गोळ्या त्यांनी डेकच्या झाकणातून एकेक करून आत सोडायला सुरुवात केली. एक पुढे, दोन मागे. बोट खाली बसू लागली. तोवर पोहायला आलेली दहा-बारा मुलं जमली होती. माझी मुलगी ओरडली, "बाबा, इट्स सिंकिंग!"

"बुडत नाही गं," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "बसतेय."

शेवटची गोळी गेली. डेक पाण्याच्या वर बोटभर राहिला, आणि आखलेल्या रेषेला पाणी दोन्ही बाजूंनी सारखं लागलं. कुणा एका मुलाने मुद्दाम पाण्यात उडी मारली. लाट आली, गोर्मच्या डेकवरून आरपार गेली, आणि ती जागची हलली नाही. निळ्या टाइल्सच्या पाण्यात तो राखाडी बुरूज शांत उभा होता. काका पाण्यातच हनुवटीपर्यंत खाली बसले आणि तिच्याकडे पाहत राहिले. साठीच्या माणसाच्या तोंडावर तसा आनंद मी परत पाहिला नाही. मी फोटो काढायचं विसरलो. मुलीने काढला, तो आहे माझ्याकडे.

सोमवारी मॅडम मॉडेल बघायला आल्या, आणि तेव्हा प्रथमच त्यांनी ते जहाज खऱ्या अर्थाने पाहिलं.

"व्हाय इज इट सो लो?" त्यांनी विचारलं. "सी-फ्रंट प्रॉपर्टी विकतोय आम्ही. बायरला पहिली इमेज काय, सिंकिंग शिप?"

मग बदलांची यादी आली. जहाज पांढरं आणि सोनेरी करावं. बाजू वर उचलाव्यात. तोफा काढाव्यात, कारण फॅमिली प्रोजेक्ट आहे. तोफांच्या जागी छोटा स्विमिंग पूल चालेल. शीड असावं. आणि ड्रॅगन, प्लीज, ड्रॅगन.

मी यादी काकांना मराठीत सांगितली. 

"म्हणजे गोर्म नको."

"नाव गोर्मच ठेवायचंय. नाव अप्रूव्ह झालंय."

काकांनी गोर्मवर चादर टाकली. "हिला हात लावणार नाही मी. त्यांना जे पाहिजे ते वेगळं करून देतो. लग्नाच्या हॉलसारखं."

आणि खरंच दिलं. अकरा दिवसांत. उंच पांढऱ्या बाजू, सोनेरी कठडे, तीन मजले, निळ्या रेझिनचा पूल, रेशमी शीड आणि पुढे जीभ काढलेला ड्रॅगन. हातचं राखून काही केलं नव्हतं, प्रत्येक कठडा सरळ होता. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. जीएम इंग्रजीत बोलू लागले.

पाठवायच्या दिवशी काका माझ्याकडे आले. "त्यांना लिहून कळवा. ही काचेतच ठेवा. सगळं वजन वर आहे. पाण्याला लावली तर उलटी होईल. 'उलटी होईल' असंच लिहा."

मी लिहिलं, 'फॉर बेस्ट व्ह्यूइंग एक्सपीरियन्स, ग्लास केस इज रेकमेंडेड.'

उलटी होईल असं क्लायंटला कसं लिहायचं? तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर तुम्हीही हेच लिहिलं असतं. निदान मी स्वतःला असं सांगत आलो.

उद्‌घाटनाला मोठमोठे पाहुणे होते. लॉबीच्या मध्यभागी गुडघाभर पाण्याचा देखणा हौद होता, आणि त्याच्या शेजारी आमची पांढरी गोर्म. काच अजून बसवायची होती. काका कुणाचा तरी टाय लावून खांबाला टेकून उभे होते. डेव्हलपरच्या मोठ्या साहेबांनी जहाजाभोवती एक चक्कर मारली आणि सहज विचारलं, "डझ इट फ्लोट?"

"ऑफ कोर्स, सर," मॅडम म्हणाल्या.

"ऑफ कोर्स," आमचे जीएम म्हणाले.

"यल्ला, देन. शो मी."

काका खांबापासून सुटून माझ्याजवळ आले. "साहेब, थांबवा त्यांना." मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं काम आहे, फोटो काढतील आणि उचलतील." एवढ्यात चार सुटाबुटातल्या माणसांनी जहाज उचलून हौदात ठेवलंही होतं. क्षणभर ते उभं राहिलं. लोकांनी फोन वर केले. मग ड्रॅगनने जरा मान वळवल्यासारखी केली, शीड एका बाजूला झुकलं, आणि सगळं जहाज एखाद्या दमलेल्या म्हशीसारखं आडवं झालं, मग पूर्ण उलटं. वर राहिला तो गुळगुळीत पांढरा तळ. दोनशे फोन चालू होते. त्या व्हिडिओला त्या प्रोजेक्टच्या जाहिरातीपेक्षा जास्त लोकांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. जीएम, मॅडम, मी आणि काका. मॅडमनी विचारलं, "नोबडी वॉर्न्ड अस?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ईमेल मी लिहायचो. माझ्या लॅपटॉपमध्ये ते वाक्य उघडंच होतं. मी लॅपटॉपकडे पाहत राहिलो. काकांना इंग्रजी फार येत नसलं, तरी एवढं कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि हिंदीत म्हणाले, "मैडम, मेरेको जोर से बोलना चाहिए था. धीरे बोला."

तेवढ्यावर मीटिंग संपली. काकांचा व्हिसा दोन महिन्यांनी रिन्यू व्हायचा होता. एचआरने वयाचं कारण दिलं आणि तो झाला नाही. निरोपाला केक आणला होता. त्यावर त्यांचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये होतं. काकांनी चुकलेलं अक्षर असलेला तुकडा कापून आधी जीएमना दिला. त्यांचं सामान दोन बॅगांत मावलं, हत्यारांची एक आणि बाकी सगळ्याची एक. विमानतळावर मी सोडायला गेलो. सगळ्या वाटेत मी ट्रॅफिकबद्दल बोललो.

पण लॉबीतली जागा रिकामी होती, आणि सात सह्यांचं अप्रूव्हल अजून जिवंत होतं. काका गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात जीएम वर्कशॉपमध्ये आले, चादर उचलली आणि मराठीत म्हणाले, "अरे, ही आहे की!"

आज खरी गोर्म रास अल खैमाच्या त्या लॉबीत काचेच्या पेटीत आहे. तिच्याखाली पितळी पट्टी आहे. संकल्पना म्हणून मॅडमचं नाव, निर्मिती म्हणून आमच्या कंपनीचं. कधी साइटवर गेलो की मी तिथे थांबतो. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे जहाज एवढं खाली का? सेल्सची मुलगी हसून म्हणाली, "सर, इट्स अ सबमरीन."

मी बोटीचे आठ-दहा फोटो कोपनहेगनच्या त्या गृहस्थांना पाठवले. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्यांनी इतकी बिनचूक गोर्म यापूर्वी पाहिली नव्हती. फोटो संग्रहालयाच्या नोंदवहीत लावायचे होते, आणि त्यासाठी कारागिराचं पूर्ण नाव हवं होतं, कसं उच्चारायचं त्यासकट.

मला आनंद झाला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. काकांना फोन करायला आठ महिन्यांत प्रथमच मला काहीतरी कारण मिळालं होतं. फोन काकूंनी उचलला. "ते खाली खाडीवर आहेत. नवीन मचवा घेतलाय बांधायला. थांबा, नेऊन देते." मग बराच वेळ नुसता वारा, कुत्रं, आणि जवळ येत जाणारे हातोड्याचे ठोके.

"हां, बोला साहेब."

मी सगळं सांगितलं. काचेतली गोर्म, नोंदवही, नाव, उच्चार. मग धीर करून म्हटलं, "आणि काका, त्या मीटिंगमध्ये मी..."

"थांबा जरा," ते म्हणाले. कुणाला तरी "धर नीट" म्हणून ओरडले. मग पुन्हा फोनवर आले. "नावाचं तुम्ही बघा काय लिहायचं ते. पण त्यांना एक कळवायलाच पाहिजे. चिमणीच्या मागे आत हवा घेणारे भोंगे आहेत ना, त्यातला डावीकडचा दुसरा. त्याचं तोंड मी उलट्या बाजूला लावलंय. इकडे आल्यावर लक्षात आलं, आता ती काचेत गेली, काढता येणार नाही. ते बिनचूक म्हणतायत, ते काही खरं नाही. ती चूक माझी आहे, असं लिहा."

"काका, ते कुणाला दिसणार आहे?"

"लिहा तुम्ही. जसं सांगितलं तसंच लिहा हां."

मी हो म्हणालो. फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं, कारण ठोके पुन्हा सुरू झाले. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि ईमेल उघडला.